मेंदूचा पक्षाघात : लवकर निदान, घराजवळ उपचार

‘मूल अशक्त आहे, हळूहळू बसेल,’ या दिलाशात अनेक बालकांचे पहिले, सर्वांत मोलाचे वर्ष निघून जाते. सेरेब्रल पाल्सी, अर्थात मेंदूचा पक्षाघात, ही वाढत्या मेंदूला गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा जन्मानंतर लवकरच झालेल्या इजेमुळे उद्भवणारी अवस्था होय. अपुऱ्या दिवसांचा जन्म, प्राणवायूची कमतरता, तीव्र कावीळ, मेंदूज्वर ही तिची काही कारणे. ती संसर्गजन्य नाही आणि मुळातली इजा वाढतही नाही. मात्र दुर्लक्ष झाल्यास स्नायू आखडतात, खुब्याचा सांधा निसटू लागतो.

पूर्वी निदानासाठी दीड-दोन वर्षे थांबण्याची पद्धत होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार हालचालींचे निरीक्षण, चेतासंस्थेची तपासणी व एमआरआय यांच्या आधारे सहा महिन्यांच्या आतही अंदाज बांधता येतो. चार महिन्यांनंतरही मान न सावरणे, मुठी घट्ट मिटलेल्या राहणे, नऊ महिन्यांनंतरही आधाराविना न बसणे, वर्षाच्या आतच एकच हात वापरणे ही लक्षणे दिसताच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

उपचारांची दिशाही बदलली आहे. मुलाचे हातपाय दुसऱ्याने हलविण्यापेक्षा चमचा धरणे, उठून उभे राहणे अशी नेमकी कृती मुलाने स्वतः वारंवार करणे अधिक उपयुक्त ठरते. सोबत वाचा-उपचार, स्प्लिंट, ताठर स्नायूंसाठी बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन, गरजेनुसार शस्त्रक्रिया आणि खुब्याची नियमित क्ष-किरण तपासणी आवश्यक असते. या अवस्थेवर रामबाण औषध नाही. तशी हमी देणाऱ्यांपासून सावध राहावे.

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात खरी अडचण अंतराची आहे. लोणी व विळद घाट येथे वैद्यकीय आणि फिजिओथेरपी महाविद्यालये आहेत. परंतु अकोल्याच्या डोंगराळ भागातून आठवड्याला दोनदा येणे मजुरी बुडविणाऱ्या पालकांना कसे परवडावे? याचे उत्तर याच जिल्ह्यात शोधता येईल. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पाने अल्पशिक्षित ग्रामीण महिलांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. त्याच धर्तीवर आशा व अंगणवाडी सेविकांना लक्षणे ओळखण्याचे आणि पालकांना घरच्या व्यायामात साहाय्य करण्याचे प्रशिक्षण दिल्यास तज्ज्ञांची भेट महिन्याकाठीही पुरेशी फलदायी ठरू शकेल.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतून तपासणी होते. सेरेब्रल पाल्सीचा समावेश १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते, त्यात थेरपीचाही अंतर्भाव आहे. पालकांनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वेळेवर काढून घ्यावे. मात्र त्यासाठी व्यायाम एक दिवसही थांबवू नये.