रुळावरची खूण आणि प्रबंधातली नोंद

भिलाईच्या पोलाद कारखान्यात पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे रेल्वेचे रूळ तयार होऊ लागले. रुळाच्या मधल्या उभ्या भागावर ठरावीक अंतराने उठावाची अक्षरे असतात: रुळाचा प्रकार, पोलादाची प्रत, उत्पादकाची खूण, महिना, वर्ष. शिवाय पोलाद कोणत्या हीटमधले, म्हणजे भट्टीतून एका वेळी काढलेल्या कोणत्या घाण्यातले, त्याचा क्रमांक ठोकलेला असतो. रूळ तडकला, तर माग थेट भट्टीपर्यंत काढता येतो. याच परिसरात पुढे छत्तीसगढ स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ (स्थापना २००५) आणि आयआयटी (स्थापना २०१६) आली. तिथल्या प्रबंधाचे शीर्षकपृष्ठ आणि संदर्भसूची हेच काम करतात: विधानाला जबाबदार कोण आणि ते आले कुठून, हे सांगतात. पोलाद आणि संदर्भ या दोन्हींसाठी मानके करणारी संस्थाही एकच. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने पोलादाची मानके ठरवली, तशीच १९६३ साली ‘आयएस २३८१’ या मानकात संदर्भनोंदींची शिस्तही घालून दिली.

ही शिस्त परकी आहे, असा एक आक्षेप घेतला जातो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची लेखनाच्या मांडणीची नियमावली १९२९ साली सात पानांत निघाली, हे खरे. पण गरज त्याहून जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ हे वर्ष आहे, स्थळ आहे आणि लेखनिक सच्चिदानंदबाबांचे नावही आहे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींतली माहिती अस्सल पत्रांशी ताडून पाहिली आणि ती पत्रेच वाचकापुढे ठेवली. इतिहासकाराचा शब्द प्रमाण न मानता पुरावा तपासण्याची वाट त्यातून मराठी वाचकाला मोकळी झाली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वर्ष आधी की शीर्षक आधी, कंसात नाव की चौकोनी कंसात आकडा, यावर विद्यार्थ्याचे आठवडे का जावेत? हा क्रम केवळ संकेताचा आहे, हे मान्यच करायला हवे. भारतीय मानकानेही नोंदीतले आवश्यक घटक आणि पूरक घटक वेगळे केले आहेत. मात्र एका प्रबंधात क्रम एकच राहिला, तर गाळलेले वर्ष किंवा पृष्ठांक लगेच नजरेत भरतो. खरी उणीव तपासणीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार इतर लेखनाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, आणि संदर्भसूची त्या मोजणीतून वगळलेली असते. म्हणजे दिलेला ग्रंथ खरोखर तेच म्हणतो का, हे त्या टक्केवारीवरून कळत नाही. ते माणसानेच पाहायचे आहे. म्हणून परीक्षकांनी स्वल्पविराम मोजण्याआधी सूचीतले निदान काही ग्रंथ उघडावेत. तसे झाले तरच विद्यार्थ्याने मांडणीवर घेतलेले कष्ट ज्ञानाच्या कामी येतील.