कोकणातले बयासिरा
"तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न कोकणी मुसलमानाला हमखास विचारला जातो. इ.स. ९१६ (हिजरी ३०४) मध्ये बगदादचा प्रवासी अल-मसऊदी चौलला आला. अरब या बंदराला सैमूर आणि मुलखाला लार म्हणत. राज्य राष्ट्रकूटांचे. इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे तो लिहितो. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून येऊन स्थायिक झालेले. काही 'बयासिरा', म्हणजे हिंदुस्थानातच मुसलमान आईबापांच्या पोटी जन्मलेले. त्यांच्यातलाच एक प्रतिष्ठित माणूस, 'हुनरमन', त्यांचा कारभार पाही. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वीच इथल्या मातीत जन्मलेल्यांना वेगळे नाव लागले होते! पुढे लार हे नाव विरले, कोकण उरले. बयासिरा मात्र ओमानात एका जमातीचे नाव म्हणून आजही ऐकू येते.