वेबसाइटचा एसईओ यशस्वी झाला का? शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी मोजणीची पद्धत

अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या व गट वेबसाइट तयार करतात. ती गूगलवर वर दिसावी म्हणून सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजेच एसईओसाठी एजन्सीला दरमहा पैसे देतात. मात्र त्यातून विक्री वाढली का, याचे उत्तर हिशेबाच्या वेळी मिळत नाही. खाली कळंब (जि. धाराशिव) येथून सोयाबीन बियाणे, तूरडाळ व उस्मानाबादी शेळ्या विकणाऱ्या गटाचे उदाहरण गृहीत धरून मोजणीची पद्धत दिली आहे.

मोजणीपूर्वी

- 'गूगल सर्च कन्सोल' ही मोफत सुविधा वेबसाइटला जोडून घ्यावी. त्याचे मालकी हक्क कंपनीच्या स्वतःच्या जीमेल खात्यावर असावेत. ते फक्त एजन्सीकडे असल्यास, एजन्सी बदलताना तुम्हाला आकडे पाहण्यात अडचण येऊ शकते.
- काम सुरू होण्यापूर्वीचे आकडे उतरवून ठेवावेत. सुरुवातीचा आकडा नसेल, तर वाढ किती झाली हे सांगता येत नाही.

कोणते आकडे पाहावेत?

- इम्प्रेशन: शोध निकालात तुमचे पान किती वेळा दिसले.
- क्लिक: किती वेळा पान उघडले गेले.
- सीटीआर: इम्प्रेशनपैकी क्लिकचे प्रमाण. २,००० वेळा दिसून ६० क्लिक झाले, तर सीटीआर ३ टक्के. पान वर दिसूनही सीटीआर कमी असेल, तर पानाचे शीर्षक तपासावे.
- सरासरी स्थान: निकालात तुमचा क्रमांक सरासरी कितवा. हा आकडा एकटा पाहू नये. पान नव्या शब्दांवर खालच्या क्रमांकाने दिसू लागले, की क्लिक वाढत असतानाही सरासरी घसरलेली दिसते.

नावांचा घोळ तपासा

कळंब नावाचा तालुका यवतमाळ जिल्ह्यातही आहे आणि तेथेही सोयाबीन व तूर होते. त्यामुळे 'कळंब सोयाबीन' या शोधातून आलेला माणूस तुमच्या भागातला असेलच असे नाही. सर्च कन्सोल देश दाखवते, जिल्हा दाखवत नाही. म्हणून पानावर 'कळंब, जि. धाराशिव' असे स्पष्ट लिहावे.

२०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव उस्मानाबादऐवजी धाराशिव झाले. शेळीची जात मात्र 'उस्मानाबादी' याच नावाने ओळखली जाते. दोन्ही नावांनी होणारे शोध वेगवेगळे पाहावेत. इंग्रजी अक्षरांत कळंबचे 'कल्लम' असेही स्पेलिंग केले जाते, तेही तपासावे.

तुलना हंगामाशी करा

सोयाबीन बियाण्याची चौकशी पेरणीच्या तोंडावर वाढते. मार्चपेक्षा जूनमध्ये क्लिक वाढले, तर ते श्रेय एसईओचे नसून हंगामाचे असू शकते. म्हणून यंदाच्या जूनची तुलना मागील जूनशी करावी. पाऊस लांबला असेल, तर मे ते जुलै हे तीन महिने एकत्र धरावेत. सर्च कन्सोलमध्ये मागील १६ महिन्यांचीच माहिती राहते, त्यामुळे दरमहा आकडे डाउनलोड करून ठेवावेत.

खरा हिशेब फोनच्या वहीत

क्लिक म्हणजे विक्री नव्हे. फोन घेणाऱ्याने प्रत्येक नव्या ग्राहकाला तीन प्रश्न विचारावेत: नंबर कुठे मिळाला? गाव, तालुका, जिल्हा कोणता? काय हवे आहे? पुढे माल घेतला की नाही, हेही वहीत लिहावे.

समजा, एसईओवर महिन्याला ३,००० रुपये खर्च होतात. गूगलवरून २० फोन आले, त्यातील १२ तुमच्या विक्री क्षेत्रातले होते आणि ५ जणांनी खरेदी केली. म्हणजे एक ग्राहक ६०० रुपयांना पडला. एका ग्राहकामागे सरासरी नफा ४०० रुपये असेल, तर क्लिक कितीही वाढले तरी त्या महिन्यात तोटाच आहे. मात्र तोच ग्राहक पुढच्या हंगामात परत आला, तर हिशेब बदलतो. म्हणून निर्णय किमान एक पूर्ण हंगाम पाहून घ्यावा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

सल्ला देणाऱ्या पानाचे यश विक्रीवर ठरत नाही. शेतकरी कोणत्या शब्दांत शोधतात, हे सर्च कन्सोलमधील शब्दयादीत पाहावे. शेतकरी 'सोयाबीन पिवळे पडणे' असे शोधत असतील आणि पानावर फक्त 'लोह कमतरता' लिहिले असेल, तर शेतकऱ्यांचे शब्दही शीर्षकात घ्यावेत. शेतभेटीत पान वाचलेल्याला काय केले ते विचारावे.

लक्षात ठेवा

- 'पहिला क्रमांक मिळवून देऊ' अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलच सांगते. अशा हमीवर करार करू नये.
- स्वतःच्या मोबाइलवर शोधून क्रमांक ठरवू नये. ठिकाण व आधीच्या शोधांनुसार निकाल बदलू शकतात.
- एजन्सीच्या मासिक अहवालाशेजारी फोनची वही ठेवूनच पुढचे पैसे मंजूर करावेत.