स्कॉटिश किल्टचे नक्षीदार पायमोजे : एका परंपरेची घडण

मराठीत मागावरचे कापडही ‘विणतात’ आणि सुयांवरचा पायमोजाही ‘विणतात’. एरवी यामुळे काही अडत नाही. परंतु स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखातील, म्हणजे हायलंडमधील, पुरुष किल्टबरोबर जे गुडघ्याखालपर्यंत येणारे नक्षीदार पायमोजे घालतात, त्यांचा इतिहास पाहू लागताच हा भेद मनाशी स्पष्ट करून घ्यावा लागतो. आज पारंपरिक हातविणकामाचा नमुना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वस्तूचा पूर्वज सुयांवर जन्मलेला नाही. तो मागावरच्या कापडातून कात्रीने कापून काढलेला आहे. या स्थित्यंतराचा मागोवा घेऊन ‘परंपरा’ हा शब्द येथे कोणत्या अर्थाने वापरता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अठराव्या शतकातील चित्रांत हायलंडचे पुरुष चौकड्यांचे पायमोजे घातलेले दिसतात. १७४५-४६ च्या उठावातील एका प्रसंगाचे डेव्हिड मोरिए याने काढलेले चित्र या दृष्टीने प्रसिद्ध आहे. हे पायमोजे टार्टन या लोकरी कापडाचे असत. ताण्याबाण्याचे कापड उभ्या वा आडव्या दिशेने ओढले असता फारसे ताणले जात नाही; कोनाकोनाने ओढले तर मात्र ताणले जाते. पोटरीसारख्या गोलाईवर ते बसावयाचे, तर ते तिरपे, म्हणजे आपले शिंपी ज्याला उरेब म्हणतात तसे, कापावे लागते. असे कापून मागच्या बाजूने शिवण घातली, की कापडावरील सरळ चौकोन पायावर तिरपे उभे राहतात व त्यांना शंकरपाळ्याचा आकार येतो. ही नक्षी मूळची कोणा कलावंताच्या कल्पनेतून निघालेली नसून कापडाच्या स्वभावातून आणि शिंप्याच्या गरजेतून निघालेली आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी.

कलोडनच्या पराभवानंतर १७४६ साली ब्रिटिश पार्लमेंटने हायलंडच्या पुरुषांच्या पोशाखावर बंदी घातली. ती १ ऑगस्ट १७४७ पासून अमलात आली व १७८२ मध्ये उठली. राजाच्या सैन्यातील पलटणींना मात्र ती लागू नव्हती. त्यामुळे पस्तीस वर्षे हा वेष उजळ माथ्याने वावरला तो मुख्यतः लष्करात. (१८०३ च्या असईच्या लढाईमुळे ७४ व्या व ७८ व्या हायलंडर पलटणींची नावे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहेत.) पुढे १८२२ साली चौथ्या जॉर्जने एडिंबरोला भेट दिली; त्या समारंभाची योजना वॉल्टर स्कॉटने केली होती. १८५२ मध्ये बालमोरल राजघराण्याकडे आले. या दोन घटनांनी बंडखोरांचा म्हणून निषिद्ध ठरलेला पोशाख सरदारांचा दरबारी पोशाख झाला.

याच काळात स्कॉटलंडच्या ईशान्येस विणकामाचा एक वेगळाच प्रवाह वाहत होता. ॲबर्डीनच्या आसपासच्या खेड्यांत बायका व्यापाऱ्यांकडून लोकर घेऊन हाताने पायमोजे विणीत. हा माल बहुतांशी साधा व परदेशी बाजारासाठी असे. १७६९ साली तेथे गेलेल्या टॉमस पेनंट या प्रवाशाने नोंदविले आहे, की वर्षाला ६९,३३३ डझन जोड तयार होत; डझनाची सरासरी किंमत ३० शिलिंग, त्यातून सूतकताईचे ४ आणि विणाईचे १४ शिलिंग. म्हणजे एक जोड विणल्याबद्दल बाईच्या हाती १४ पेन्स पडत. हिशेब केला तर मालाच्या किमतीचा तीनपंचमांश भाग कताई-विणाईच्या मजुरीचा होता. ज्या मालात यंत्राचा वाटा नसतो त्याचे हे लक्षणच होय. पुढे विणाईची यंत्रे आणि नेपोलियनच्या युद्धांत बंद पडलेल्या बाजारपेठा, या दोहोंपुढे हा व्यवसाय टिकला नाही. कसब मात्र हातांत राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास पलटणींतील कापडी पायमोजे मागे पडून विणलेले आले, आणि हे दोन प्रवाह एकत्र मिळाले. विणलेले वस्त्र टाक्यांच्या साखळीमुळे मुळातच लवचिक असते. त्याला तिरपेपणाची गरज नाही. तरीही विणणाराने शंकरपाळी सोडली नाही. ब्लॅक वॉच पलटणीची लाल-काळी, कॅमेरन पलटणीची लाल-हिरवी, अशा रंगसंगती ओळखचिन्ह बनल्या होत्या. त्या राखण्यासाठी पत्करलेले कष्ट पाहण्यासारखे आहेत. साधा पायमोजा चार-पाच सुयांवर गोल विणतात. येथे ते जमत नाही, कारण एक फेरा पूर्ण होताच रंगीत धागा त्या शंकरपाळीच्या दुसऱ्या कडेला राहून गेलेला असतो. म्हणून वस्त्र दोन सुयांवर सपाट विणावे लागते, प्रत्येक शंकरपाळीला लोकरीची स्वतंत्र गुंडी ठेवावी लागते, आणि शेवटी मागे शिवण घालावी लागते. कापडी पूर्वजाची शिवणसुद्धा अशी वंशजाकडे आली! एकरंगी पायमोज्यात नक्षी वरच्या दुमडीपुरती असते. ती दुमड प्रथम विणून मग काम आतले बाहेर उलटून घेतात, म्हणजे दुमडल्यावर सुलट बाजू दर्शनी येते. पोटरीखाली मागच्या मध्यरेषेच्या दोन्ही अंगांनी टाके घटवून पायाचा आकार साधतात.

ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे प्रतिपादन केले, की आखूड किल्ट ही रॉलिन्सन नावाच्या इंग्रज कारखानदाराची कल्पना असून हायलंडची ही सारी परंपराच बनविलेली आहे. या मतावर बराच वाद झाला. पायमोज्यांपुरते बोलावयाचे तर ‘बनावट’ आणि ‘अस्सल’ ही दोन्ही विशेषणे अपुरी पडतात. नक्षी जुनी, पण तिचे कारण नाहीसे झालेले. कसब जुने, पण ते वेगळ्या वस्तूसाठी कमावलेले. परंपरा येथे वस्तूत नसून, गरज संपल्यावरही आकार जपण्याच्या श्रमात आहे. पोशाखाच्या इतिहासात सरदार, राजे आणि पलटणी यांची नावे सापडतात. हा श्रम करणाऱ्या बायकांचा उल्लेख मात्र डझनांच्या आणि शिलिंगांच्या आकड्यांतून येतो. ते आकडे नीट वाचणे हेही इतिहासलेखनाचेच काम आहे.