शिलाक्षरे आणि पोकळ नळी

मोहनखेड्याच्या यात्रेस जाणाऱ्यास वाटेवर धार लागते. ही परमारांची राजधानी. सन १९०३ मध्ये धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे अधिकारी काशीनाथ कृष्ण लेले यांनी येथील एक शिळा उजेडात आणली. अर्जुनवर्मा राजाचा गुरू मदन याच्या ‘पारिजातमंजरी’ नाटिकेचे पहिले दोन अंक तिच्यावर कोरलेले आहेत. उरलेले दोन उपलब्ध नाहीत. हुल्ट्श या जर्मन पंडिताने ते ठशांवरून वाचून प्रसिद्ध केले.

ठसा घेताना ओला कागद दगडावर ब्रशाने ठोकावा लागतो. झिजलेल्या दगडास तेही सोसत नाही. छायाचित्रास स्पर्श लागत नाही. कॅमेरा व भिंग यांच्यामध्ये एक्स्टेन्शन ट्यूब ही काचविरहित पोकळ नळी बसविली की भिंग पुढे सरकते आणि अगदी जवळचे अक्षर स्पष्ट दिसते. ५० मिलिमीटरच्या भिंगास तेवढ्याच लांबीची नळी जोडल्यास अक्षर मूळ आकाराएवढे उमटते; मात्र प्रकाश चौपट लागतो. तो बाजूने तिरपा पाडावा, म्हणजे खाचा सावलीने उठून दिसतात.

आपल्या देवळांतील दानलेखांवर जीर्णोद्धारात रंग चढतो व अक्षरे बुजतात. म्हणून रंगाऱ्याच्या आधी छायाचित्रकारास बोलवावे. मदनाचे दोन अंक गेले. आपल्या पूर्वजांची नावे तरी जावयास नकोत.