२०१९-२० गोल्डन स्टेट वॉरियर्स हंगाम
२०१९-२० गोल्डन स्टेट वॉरियर्स हंगाम हा सान फ्रान्सिस्को येथील गोल्डन स्टेट वॉरियर्स ह्या बास्केटबॉल संघाचा एन.बी.ए.मधील एक अपयशी हंगाम होता. त्यापूर्वी सलग ५ वर्षे अंतिम फेरी गाठलेला व ३ वेळा विजेता ठरलेला हा संघ ह्या हंगामात ६५ पैकी केवळ १५ सामने जिंकून ३० संघांत शेवटच्या स्थानावर राहिला. प्रमुख खेळाडूंच्या दुखापतींबरोबरच दुबळी राखीव फळी ह्या घसरणीस कारणीभूत ठरली.

पार्श्वभूमी
२०१९च्या अंतिम मालिकेत क्ले थॉम्पसनच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटल्याने तो संपूर्ण हंगामास मुकला. केव्हिन डुरँट ब्रुकलिन नेट्समध्ये गेला व त्या व्यवहारात डीअँजेलो रसेल संघात आला. अशा व्यवहारामुळे नियमानुसार संघाच्या एकूण वेतनखर्चावर कठोर मर्यादा लागू झाली. खर्च आटोक्यात आणण्यासाठी आंद्रे इग्वोडालाला मेम्फिस ग्रिझलीजकडे पाठवण्यात आले, तर करारमुक्त झालेल्या शॉन लिव्हिंग्स्टनने निवृत्ती घेतली. हे दोघे राखीव फळीचे आधारस्तंभ होते. त्यांच्या जागी मुख्यतः नवोदित व किमान वेतनावरील खेळाडू आले.

हंगाम
३० ऑक्टोबर २०१९ रोजी, चौथ्याच सामन्यात, स्टीफन करीच्या डाव्या हाताचे हाड मोडले. हंगामात तो केवळ ५ सामने खेळला. ४८ मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक संघाला पाच जागांसाठी एकूण २४० मिनिटांचा खेळ विभागून द्यावा लागतो. राखीव खेळाडूंना सुरुवातीच्या पाचांत बढती मिळताच त्यांच्या मूळ जागा अधिक अननुभवी खेळाडूंकडे गेल्या. ४१व्या क्रमांकावर निवडलेल्या एरिक पास्कलने चमक दाखवली, परंतु सातत्याने जिंकण्याइतके बळ संघात नव्हते.

वेतनमर्यादेमुळे बदली खेळाडू घेणेही कठीण होते. डेमियन ली व की बोमन हे द्विमार्गी करारावर होते व अशा खेळाडूंना मुख्य संघासोबत ४५ दिवसच राहता येत असे. लीला नियमित करार देण्यासाठी जानेवारी २०२० मध्ये मार्कीस क्रिसला करारमुक्त करावे लागले. काही दिवसांनी तो द्विमार्गी करारावर परतला.

परिणाम
कोव्हिड-१९ साथीमुळे ११ मार्च २०२० रोजी स्पर्धा स्थगित झाली. ओरलँडोजवळ पुन्हा सुरू झालेल्या स्पर्धेतील २२ संघांत वॉरियर्सचा समावेश नव्हता. तथापि, ह्याच हंगामात रसेलच्या बदल्यात आलेला अँड्र्यू विगिन्स व नवोदित जॉर्डन पूल हे दोघेही २०२२च्या विजेतेपदात महत्त्वाचे ठरले.