धानाचा जनुकसंच आणि खुले माहितीसाठे : पूर्व विदर्भाच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

भंडारा शहरातून वैनगंगेवरील पूल ओलांडला की कारधा लागते. तेथून लाखनी, साकोली, देवरी असा महामार्ग रायपूरकडे जातो. या संपूर्ण पट्ट्याचे मुख्य पीक धान होय. मध्ये राज्याची सीमा येते, परंतु बांधी, पऱ्हे आणि रोवणी यांत त्यामुळे फारसा फरक पडत नाही. जनुकसंच-संशोधनाच्या इतिहासात या प्रदेशाचा उल्लेख सहसा आढळत नाही. तथापि धानाच्या जनुकांची माहिती कोणाच्या मालकीची, हा प्रश्न 2002 साली जागतिक विज्ञानविश्वात आणि याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला रायपूरमध्ये एकाच वेळी उपस्थित झाला होता. प्रस्तुत लेखात या दोन घटनांचा एकत्रित विचार केला आहे.

खुलेपणाची परंपरा :

आज संगणक व इंटरनेट असलेल्या कोणत्याही महाविद्यालयातून जेनबँकेतील जनुकक्रम विनामूल्य पाहता येतो. ही सोय आपोआप निर्माण झालेली नाही. मार्गारेट डेहॉफ यांनी 1965 मध्ये प्रथिनांच्या क्रमांचा पहिला संग्रह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यांच्या संस्थेचा संग्रह मोलाचा होता, परंतु त्याच्या पुनर्वितरणाचे हक्क संस्थेने आपल्याकडे राखले होते. 1982 मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय जनुकक्रम-संग्रहाचे काम सोपविले ते डेहॉफ यांच्याकडे नव्हे, तर लॉस अलामॉस येथील वॉल्टर गोड यांच्या गटाकडे. माहिती सर्वांना खुली ठेवण्याची त्यांची तयारी हे या निवडीमागील एक महत्त्वाचे कारण होते. हाच संग्रह पुढे जेनबँक म्हणून ओळखला गेला. युरोप व जपानमधील संग्रहांशी त्याची देवाणघेवाण सुरू झाली आणि 1990 मध्ये ब्लास्ट ही शोधप्रणाली आल्यावर अनोळखी क्रमाची तुलना साऱ्या संग्रहाशी अल्पावधीत करणे शक्य झाले. 1996 च्या बर्म्युडा बैठकीत मानवी जनुकक्रम चोवीस तासांत खुला करण्याचे तत्त्व मान्य झाले. भारतात 1987 मध्ये पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र सुरू झाले, हेही येथे नोंदवावयास हवे.

धानाचा जनुकसंच आणि 2002 हे वर्ष :

जपानच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने 1998 मध्ये निप्पोनबारे या वाणाचा जनुकक्रम वाचण्यास आरंभ केला. त्यात अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाची जबाबदारी भारताकडे होती. दिल्ली विद्यापीठ आणि भारतीय कृषी संशोधन संस्था यांनी ती पार पाडली. मोन्सँटो कंपनीने आपला मसुदा 2000 मध्ये या प्रकल्पास उपलब्ध करून दिला. एप्रिल 2002 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दोन मसुदे एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांपैकी चिनी शास्त्रज्ञांचा, इंडिका गटातील वाणाचा क्रम सार्वजनिक संग्रहात दाखल झाला. सिंजेंटा कंपनीचा क्रम मात्र जेनबँकेत ठेवला गेला नाही. तो कंपनीच्या अटींवरच पाहता येत होता. शोधनिबंध छापावा पण त्याचा आधार असलेली सामग्री रोखून धरावी, यावर शास्त्रज्ञांनी तीव्र आक्षेप घेतला. त्यानंतर कंपनीने आपली माहिती आंतरराष्ट्रीय प्रकल्पास देण्याचे मान्य केले. ऑगस्ट 2005 मध्ये 'नेचर'मध्ये पूर्ण क्रम प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 38.9 कोटी आधारजोड्यांच्या जनुकसंचात 37,544 जनुके असल्याचा अंदाज मांडला होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचा सिंजेंटाशी होऊ घातलेला करार उजेडात आला. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी गावोगाव फिरून जमविलेली 19,000 हून अधिक धानवाणे या विद्यापीठाकडे होती. वाणे शेतकऱ्यांची, संग्रह सार्वजनिक आणि लाभ मात्र खाजगी, असा विरोध शेतकरी संघटना व कार्यकर्त्यांनी केला. अखेर डिसेंबरात कंपनीने माघार घेतली. जैवविविधता कायदा संसदेत संमत झाला तोही याच महिन्यात.

एकाच कंपनीविषयीचे हे दोन वाद शास्त्रीय लेखनात आणि चळवळीच्या लेखनात वेगवेगळे येतात. माझ्या मते ते एकत्र वाचावयास हवेत. शास्त्रज्ञ म्हणत होते, माहिती खुली करा. शेतकरी म्हणत होते, वाणे विचारल्याशिवाय देऊ नका. दोन्ही मागण्या न्याय्य होत्या. तरीही त्या परस्परांशी सहज जुळत नाहीत, आणि पुढील वीस वर्षांत हेच अंतर वाढत गेले.

नोंदीतील नाव :

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड (ता. नागभीड) येथील दादाजी खोब्रागडे यांनी 1983 च्या सुमारास आपल्या शेतातील वेगळ्या लोंब्या हेरून, वर्षानुवर्षे निवड करून एचएमटी हे वाण सिद्ध केले. घड्याळाचे नाव धानाला मिळाले आणि बारीक तांदळाच्या बाजारात ते रूढ झाले. 1998 मध्ये कृषी विद्यापीठाने शुद्धीकरणानंतर 'पीकेव्ही एचएमटी' प्रसारित केले. मूळ निवडीचे श्रेय दादाजींना कितपत मिळाले, हा वाद त्यांच्या 2018 मधील मृत्यूपर्यंत मिटला नाही. शुद्धीकरण हे शास्त्रीय कामच आहे, याविषयी दुमत नसावे. पण शुद्ध करावयास काहीतरी अगोदर असावे लागते.

माहितीसाठ्यांच्या रचनेत हीच अडचण अधिक मोठ्या प्रमाणावर दिसते. 2014 मध्ये 89 देशांतील सुमारे 3,000 धानवाणांचे जनुकक्रम खुले झाले आणि त्यांतील फरक शोधण्याची साधनेही संकेतस्थळावर उपलब्ध झाली. अशा नोंदीत वाणाचे नाव, देश व संग्रहातील क्रमांक सापडतो. ज्या कुटुंबाने ते बी पिढ्यान्‌पिढ्या राखले, त्याचे नाव सहसा सापडत नाही. भंडारा चिन्नोरला भौगोलिक निर्देशन मिळाल्याने नावाचे संरक्षण झाले. त्याच्या जनुकक्रमावर मात्र त्या संरक्षणाचा अंमल चालत नाही. रायपूरच्या करारासाठी बियाणे हाती येणे आवश्यक होते. आज अनेक कामांसाठी संगणकावरील क्रम पुरेसा ठरतो, आणि तो उतरवून घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

2022 मध्ये फरिदाबाद येथे भारताचे स्वतःचे जैवमाहिती केंद्र कार्यान्वित झाले. त्याच वर्षी माँट्रियल परिषदेत जनुकक्रमांच्या वापरातून होणाऱ्या लाभाच्या वाटपाचे तत्त्व मान्य झाले. त्यातून फेब्रुवारी 2025 मध्ये 'काली निधी' सुरू झाला. त्यातील किमान निम्मा वाटा आदिवासी व स्थानिक समुदायांच्या गरजांसाठी असावा, अशी अपेक्षा आहे. कंपन्यांचे योगदान मात्र ऐच्छिक आहे. आपल्याकडे जैवविविधता कायद्यानुसार गावपातळीवर लोकजैवविविधता नोंदवह्या ठेवावयाच्या असतात. धानाच्या स्थानिक जाती आणि त्या राखणारी माणसे यांची नोंद तेथेच होऊ शकते. मात्र अशा नोंदवहीतील वाण आणि आंतरराष्ट्रीय संग्रहातील क्रमांक यांना जोडणारा दुवा नसेल, तर निधीत रक्कम जमा झाल्यावर ती कोणत्या गावाकडे वळवावयाची, हे ठरविण्यास आधार कोणता?